घरी जोडलेला संगणक सुरू होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांत सुटे भाग मागवून घरीच संगणक जोडणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. गेली काही वर्षे विश्रामबागेतील आमच्या घरी ओळखीपाळखीचे लोक आपले बंद पडलेले कॅबिनेट घेऊन येतात आणि प्रत्येकाचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : "मदरबोर्ड गेलाय वाटतं." मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, खरोखर गेलेला असतो असे प्रसंग मात्र मी फार थोडे पाहिले आहेत. बहुतेक वेळा एखादी तार अर्धवट बसलेली असते, रॅम चुकीच्या जागी असते किंवा दोष घरातील विजेत असतो.

संगणक "सुरूच होत नाही" याचा नेमका अर्थ काय घ्यावा?

या एका वाक्यात निदान चार वेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. बटण दाबल्यावर काहीच हालचाल होत नसेल, तर प्रश्न विजेचा किंवा बटणाचा आहे. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर कोठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. पंखे फिरत राहतात पण पडदा काळा राहतो, तेव्हा चालू झाल्याबरोबर मदरबोर्ड स्वतःची जी तपासणी करतो, ज्याला पोस्ट म्हणतात, ती अडलेली असते किंवा चित्र दुसऱ्याच ठिकाणाहून बाहेर पडत असते. आणि कंपनीचे चिन्ह दिसून पुढे विंडोज येत नसेल, तर यंत्राचे भाग बहुतांशी ठीक असून अडचण डिस्कची किंवा बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डातील मूळ प्रणालीतील, मांडणीची असते.

म्हणून हात लावण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते निरीक्षण करावे आणि जे दिसले ते कागदावर लिहावे. पुढे एका वेळी एकच बदल करावा. चार भाग एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर आनंद होतो खरा, पण दोषी भाग कोणता होता हे कळत नाही आणि तोच भाग पुन्हा कधीतरी वापरला जातो.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही. सुरुवात कोठून करावी?

भिंतीपासून. त्याच प्लगमध्ये टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे, नंतर एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून संगणकाची तार थेट भिंतीत लावावी. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर एक छोटे बटण असते. त्यावरील रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. हे बटण बंद ठेवून दोन दिवस मदरबोर्डला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मीच होतो.

यानंतर मदरबोर्डवरील २४ पिनांची रुंद तार पाहावी. ती बसल्यासारखी दिसते, पण तिची कडी खटकन अडकलेली नसते. एका हाताने बोर्डाला खालून आधार देऊन ती पुन्हा दाबावी. वीज जोडताच मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा लागत असेल, तर एसएमपीएसकडून ५ व्होल्टची स्टँडबाय वीज पोहोचत आहे आणि संशय पुढच्या बाजूच्या बटणाकडे वळतो.

कॅबिनेटच्या पॉवर बटणाची दोन पिनांची तार मदरबोर्डच्या कोपऱ्यातील नऊ पिनांच्या जागेत लावायची असते आणि ही जागा नवख्यांना हमखास चकवते, कारण अक्षरे बारीक असतात आणि शेजारीच रीसेटच्या पिना असतात. मदरबोर्डसोबत आलेली पुस्तिका उघडून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधाव्यात, त्यांवरील तार काढावी आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोनच पिना क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात. येथे फक्त संकेताची अल्प वीज असते, त्यामुळे धक्का बसत नाही. संगणक अशा रीतीने सुरू झाला, तर कॅबिनेटचे बटण किंवा त्याची तार खराब आहे. तोवर रीसेट बटणाची तार पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येते.

एसएमपीएस बिघडला आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती अशी : एसएमपीएसच्या सर्व तारा संगणकातून काढून घ्याव्यात, विजेचा प्लग काढलेला असतानाच २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी तार आणि तिच्या शेजारची काळी तार एका छोट्या तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मग वीज सुरू करावी. हिरवी तार ही "सुरू हो" असे सांगणारी असते. ती काळ्या तारेला टेकली की एसएमपीएस जागा होतो. पंखा फिरला म्हणजे निदान तो पूर्ण मेलेला नाही एवढे समजते. भार कमी असताना पंखा मुद्दामच न फिरवणारे एसएमपीएसही हल्ली मिळतात, त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये.

नव्या एसएमपीएसच्या सर्वच तारा काळ्या असतात. तेथे पिना मोजून ही युक्ती करण्याचा सल्ला मी देणार नाही. कनेक्टर उलटा धरला गेला, तर मोजणी चुकते. अशा वेळी दुसरा चालू एसएमपीएस जोडून पाहणे अधिक सुरक्षित.

मल्टिमीटर असेल, तर निदान अधिक पक्के होते. जांभळ्या तारेवर, संगणक बंद असतानाही, ५ व्होल्टच्या आसपास वीज दिसली पाहिजे. संगणक सुरू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. मात्र भार नसताना बरोबर दिसणारे व्होल्ट ग्राफिक्स कार्डाचा भार पडताच कोसळू शकतात. म्हणून मल्टिमीटरने दोष दाखवला तर तो मानावा, पण "ठीक आहे" म्हटले तर त्यावर पूर्ण विसंबू नये.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. एसएमपीएसचा पेटारा उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. जुन्या, स्वस्त एसएमपीएसच्या पाठीवर ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण असल्यास ते २३० वरच आहे याची वीज देण्यापूर्वी खात्री करावी, कारण ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिल्यास मोठा आवाज होतो आणि पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

जुन्या एसएमपीएसच्या सुट्या तारा नव्या एसएमपीएसला चालतील का?

नाही. कनेक्टर बसला तरी नाही. मदरबोर्डाकडील टोकाची पिनरचना ठरलेली असते, पण एसएमपीएसकडील टोकाला प्रत्येक कंपनी, आणि कधी कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलेही, वेगळी रचना ठेवतात. अशा तारेतून ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यास हार्ड डिस्क आणि एसएसडी जळून जातात.

पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. काय तपासावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि पंखे फिरले म्हणजे सर्व ठीक असल्याचा समज त्याच्या मुळाशी असतो. पंख्यांना केवळ १२ व्होल्ट लागतात. प्रोसेसर जागा झाला की नाही याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते.

प्रथम मॉनिटरची तार पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची तार मदरबोर्डाच्या मागच्या खाचेत न लावता कार्डाच्या खाचेतच लावावी. उलट, कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का ते तपासावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी "एफ" असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यांत ही सोय नसते. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० मध्ये ती नाही, पण ५६००जी मध्ये आहे. हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी "एफ" घेतला आणि कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ असे ठरवले, तर तो महिनाभर पडदा काळाच राहणार. संगणकात बिघाड नाही, खरेदीत आहे.

दुसरी जागा म्हणजे प्रोसेसरसाठीची स्वतंत्र ४ किंवा ८ पिनांची तार. ती मदरबोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते, कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तेथे बोटे पोहोचत नाहीत आणि म्हणून ती राहून जाते. ग्राफिक्स कार्डाचीही अशीच ८ पिनांची तार असते आणि ती दिसायला सारखीच असते, पण तिच्यातील धन आणि ऋण यांची मांडणी उलटी असते. जी तार सहज बसत नाही, ती जोर लावून बसवू नये.

तिसरी जागा रॅमची. चार खाचा असलेल्या मदरबोर्डावर दोनच पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. पट्टी दोन्ही टोकांना पूर्ण खाली गेली पाहिजे. एकाच बाजूला कडी असलेल्या बोर्डावर दुसरी बाजू वर राहिलेली लक्षात येत नाही. शंका असल्यास एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून पाहावे, नंतर तीच जागा ठेवून पट्टी बदलावी.

मदरबोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतील, तर तपासणी ज्या टप्प्यावर अडली त्याचा दिवा लागून राहतो. हे दिवे नसल्यास एक छोटा स्पीकर त्याच कोपऱ्यातील पिनांवर लावता येतो. तो ठराविक पद्धतीने बीप वाजवतो आणि बीपांचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो. डीरॅमचा दिवा लागला म्हणजे रॅमच खराब, असा सरळ अर्थ मात्र काढू नये. प्रोसेसरच्या खाचेतील वाकलेली पिन किंवा प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर एका बाजूने फार आवळला जाणे हीसुद्धा त्याची कारणे असतात, कारण रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो.

आणि शेवटी संयम. डीडीआर५ रॅम असलेला संगणक, विशेषतः एएम५ सॉकेटचा (प्रोसेसरच्या खाचेला सॉकेट म्हणतात) रायझेन, पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतो आणि त्या वेळात पडदा काळा राहतो. यास काही मिनिटे लागतात, रॅम मोठी असल्यास दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. पहिल्या दोन मिनिटांत घाबरून बटण दाबून बंद करणाऱ्याला ही जुळवणी दर वेळी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबराने पुसावी का?

आपल्याकडे ही पद्धत सर्वत्र आहे आणि तिने फायदा होतो हेही खरे आहे, पण त्यातील निम्मा फायदा पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे होत असावा असे माझे मत आहे. खोडरबराचे कण खाचेत पडतात आणि जोराने घासल्यास सोन्याचा पातळ थर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले मऊ कापड हलक्या हाताने फिरवावे. नव्याकोऱ्या पट्टीला यातले काहीच लागत नाही.

पंखे एक क्षण फिरतात आणि थांबतात, पुन्हा फिरतात आणि थांबतात. हे काय आहे?

हे शॉर्टचे ठळक लक्षण आहे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून थोडा वर राहावा म्हणून पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डाच्या छिद्रांशी न जुळणारा एखादा जादा स्टँडऑफ पत्र्यावर राहिला, तर तो बोर्डाच्या मागील टाक्यांना टेकतो. हातातून निसटून बोर्डाखाली गेलेला स्क्रूही हेच करतो.

अशा वेळी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवणे. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर मात्र तो सुरू करू नये, कारण तिचा पृष्ठभाग काही अंशी वीजवाहक असतो. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे, प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावावे आणि स्क्रू-ड्रायव्हरने सुरू करावे. खोक्यावर चालणारा आणि कॅबिनेटमध्ये न चालणारा संगणक आपला दोष स्वतःच सांगतो. खोक्यावरही तसेच झाले, तर प्रोसेसर काढून खाचेतील पिना उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून घेतलेले छायाचित्र डोळ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दाखवते.

एएम४ सॉकेटचा रायझेन काढताना एक सावधगिरी आवश्यक आहे. उष्णता कूलरकडे नेण्यासाठी मध्ये लावलेल्या आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून खाचेतून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. शक्य असल्यास संगणक आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊब घेऊ द्यावी आणि कूलर वर ओढण्याऐवजी थोडा फिरवून सैल करावा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही नवे आहेत, सॉकेटही जुळते, तरी सीपीयूचा दिवा लागतो. असे का?

सॉकेट जुळणे पुरेसे नसते. बोर्डातील बायोसला तो प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. एलजीए १७०० सॉकेटमध्ये इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण तेराव्या पिढीआधी बनलेला आणि दुकानाच्या फळीवर राहिलेला बी६६० किंवा एच६१० बोर्ड पुढच्या पिढ्यांना ओळखत नाही. बी४५० बोर्ड आणि रायझेन ५००० यांच्या बाबतीतही हेच घडते. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती लिहिलेली असते.

काही बोर्डांच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवून ते दाबले, की प्रोसेसर नसतानाही बायोस अद्ययावत होते. हे चालू असताना वीज जाता कामा नये. वीज जाणार असल्याचा महावितरणचा संदेश आला असेल, त्या दिवशी हा उद्योग टाळावा.

बायोस मूळ स्थितीत कसे आणावे आणि ते केव्हा करावे?

बायोसमध्ये काही बदल केल्यानंतर, विशेषतः रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू केल्यानंतर संगणक उठत नसेल, तर हे सर्वप्रथम करावे. प्लग काढावा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, मदरबोर्डावरील नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवावा. या सेलचा दाब ३ व्होल्ट असतो. तो जुना झाला की घड्याळ मागे पडू लागते. असा सेल कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. यानंतर रॅम तिच्या साध्या वेगाने चालेल, त्यात काळजीचे काही नाही. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारी बिटलॉकर ही सोय सुरू असल्यास बायोस बदलल्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवावी.

संगणक सुरू होतो, पण काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप बंद पडतो. कारण काय?

बहुतेक वेळा उष्णता. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल, चारांपैकी एखादी खुंटी बोर्डात पूर्ण बसली नसेल किंवा कूलरचा पंखा सीपीयू फॅन लिहिलेल्या जागेऐवजी दुसरीकडे लावला असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, पोळीला तूप लावल्यासारखी पसरवण्याची गरज नसते.

जुन्या संगणकांत धूळ हे कारण असते आणि सांगलीत धुळीचा रंगही व्यवसाय सांगतो. मार्केट यार्डातील हळदीच्या पेढीवरून आलेल्या एका संगणकाच्या कूलरमध्ये पिवळ्या भुकटीचा असा थर बसला होता की जाळीतून वारा जाण्यास जागाच नव्हती. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने भरधाव फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

बायोसचा पडदा दिसतो, पण विंडोज येत नाही. डिस्क गेली का?

आधी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. एनव्हीएमई आणि साटा या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एम.२ एसएसडीसाठीच्या काही खाचा फक्त एनव्हीएमई स्वीकारतात, काही साटाही स्वीकारतात, आणि अनेक बोर्डांवर एम.२ खाच वापरली की साटाची एखादी जागा बंद होते. नाव दिसत असेल आणि डिस्क जुन्या संगणकातून आणलेली असेल, तर तिच्यावरील विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने घातलेले असण्याची शक्यता आहे. केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या नव्या बोर्डाला ते दिसत नाही. विंडोज १० मध्ये असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कची रचना बदलता येते, मात्र आधी माहितीची प्रत काढून ठेवावी. विंडोज नव्याने घालताना डिस्कच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर बायोसमधील व्हीएमडी ही सोय बंद करून पाहावी. नव्या जोडणीत हे निर्धास्त करावे, चालू विंडोज असलेल्या यंत्रात मात्र करू नये.

काल रात्रीपर्यंत चालू होता. लाइट जाऊन आली आणि आता उठत नाही.

प्लग काढून दहा मिनिटे थांबावे, पॉवर बटण दाबून उरलेली वीज रिकामी करावी आणि मग पुन्हा लावावे. वीज परतताना येणाऱ्या उसळीमुळे एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो आणि पूर्ण वीज काढल्याखेरीज ते सुटत नाही.

वारंवार असे होत असेल, तर यूपीएसकडे पाहावे. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक भर रंगात आला की त्याला हे पुरत नाही. घरच्या इन्व्हर्टरची वीज स्क्वेअर वेव्ह प्रकारची असेल, तर काही चांगले एसएमपीएससुद्धा ती नाकारतात आणि लाइट जाताक्षणी संगणक बंद होतो. येथे शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय आहे.

वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. खांबावरून आलेल्या त्या तारेतून उसळी येऊन लॅनच्या खाचेसह मदरबोर्ड जळतो, आणि माणूस मात्र "प्लग तर काढला होता" म्हणत राहतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. संगणकात दोष आहे का?

बहुधा नाही, घराच्या अर्थिंगमध्ये आहे. एसएमपीएसच्या प्रवेशापाशी असलेले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात, आणि अर्थिंग नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्ये, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी अल्प असतो म्हणून केवळ झिणझिण्या जाणवतात आणि टेस्टरचा दिवा लागतो. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये तडकते, आणि मग अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्यावर झिणझिण्या थांबल्याचा अनुभव अनेकांना आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या खाचेत घालण्याची सवय मात्र सोडावी. अंगावर येणारी झिणझिणी मोडेम, पेनड्राइव्ह आणि मॉनिटरच्या तारेतूनही जाते व त्या खाचा जळतात. झिणझिणीऐवजी जोराचा झटका बसत असेल, तर संगणक बाजूला ठेवून वायरमनला बोलवावे.

पुराच्या पाण्यात गेलेला संगणक वाचतो का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न सांगलीकरांना समजावून सांगावा लागत नाही. पाण्यापेक्षा अधिक नुकसान ओल्या यंत्राला वीज दिल्याने होते. म्हणून "चालतोय का बघू" हा मोह आवरावा. प्रथम सीआर२०३२ सेल काढावा, कारण ओल्या बोर्डावर तेवढी वीजही तांब्याला गंज चढवत राहते. सर्व भाग सुटे करावेत. मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांवरील गाळ वाळून घट्ट होण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा, शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि पंख्याखाली, कडक उन्हात न ठेवता, चार-पाच दिवस वाळू द्यावे. एसएमपीएस वाचवण्याचा प्रयत्न करू नये, तो टाकून द्यावा.

हार्ड डिस्कचे नियम उलटे आहेत. तिच्या आवरणाला हवेसाठी बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी आत जाते. महत्त्वाची माहिती असेल, तर ती सुरू करू नये, उघडू नये आणि घरी वाळवूही नये. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी, कारण तबकडीवर वाळलेला गाळ काढणे फार कठीण जाते. फिरणारा भाग नसल्याने एसएसडी वाचण्याची शक्यता अधिक असते.

सांगलीतील आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली, की नदीकाठच्या घरांत धान्याच्या पोत्यांबरोबर कॅबिनेटही वर चढवावे. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये, त्या वेळी मदतीला माणसे मिळत नाहीत.

सर्व करून झाले, तरी सुरू होत नाही. दुकानात किंवा वॉरंटीत नेताना काय लक्षात ठेवावे?

सर्व भागांची बिले आणि खोकी सोबत न्यावीत. ज्या भागावर संशय आहे तो वेगळा दाखवावा आणि कोणकोणते बदल करून पाहिले त्याचा कागद द्यावा. अनुभवी दुरुस्तीवाल्याचा अर्धा दिवस त्याने वाचतो. मदरबोर्ड देण्यापूर्वी प्रोसेसरच्या खाचेचे स्पष्ट छायाचित्र दिनांकासह काढून ठेवावे आणि काउंटरवरील माणसासमोरही खाच उघडून दाखवावी. पिन वाकलेली असल्यास वॉरंटी सहसा नाकारली जाते आणि ती कोणाच्या हातून वाकली हा वाद नंतर मिटत नाही. सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण याच कामासाठी खोक्यात जपून ठेवायचे असते. ते फेकून दिले असल्यास बोर्ड पाठवण्यापूर्वी दुकानदाराकडून तसे एखादे मागून घ्यावे.